पुसलेल्या शिळा, जपलेले थर

1894 साली गिरगावात सुरू झालेला राजा रविवर्म्यांचा छापखाना ते शतक संपता संपता लोणावळ्याजवळच्या मळवलीला हलला. तिथं छापलेल्या लक्ष्मी, सरस्वती आणि शकुंतला पुढची कित्येक दशकं महाराष्ट्रातल्या देवघरांत, दुकानांत आणि बैठकीच्या खोल्यांत लागलेल्या होत्या. भिंतीवर लावणाऱ्याला ते एक चित्र वाटायचं. छापणाऱ्याच्या लेखी मात्र ती दहा-बारा, कधी त्याहूनही जास्त चित्रं असायची, कारण प्रत्येक रंगाची शिळा वेगळी.

शिळा म्हणजे बारीक पोताचा, गुळगुळीत केलेला चुनखडीचा दगड. त्यातला उत्तम माल बव्हेरियातल्या सोल्नहोफनच्या खाणींतून यायचा. त्यावर तेलकट खडूने किंवा शाईने चित्र उलटं काढायचं. मग दगड ओला करायचा आणि वरून शाईचा रूळ फिरवायचा. ओला दगड शाई झिडकारतो, तेलकट रेषा ती धरून ठेवते. देवीच्या साडीचा लाल एका शिळेवर, अंगकांतीचा फिका गुलाबी दुसरीवर, आकाशाचा निळा तिसरीवर. तोच कागद एकामागून एक या सगळ्या शिळांवरून जायचा आणि दर वेळी कोपऱ्यातल्या फुलीच्या खुणा एकमेकींवर तंतोतंत बसाव्या लागायच्या. कागद केसभर सरकला तरी ओठांचा लाल हनुवटीवर उतरणार. दमट हवेत कागद ताणतो, हे छापणाऱ्याला वेगळं सांगावं लागत नसे. फ्रिट्झ श्लायशर हा जर्मन तंत्रज्ञ या छापखान्यात होता आणि पुढे त्यानेच तो विकत घेतला. या कामाला किती कसबी हात लागत असतील, याचा अंदाज त्यावरून यावा.

छपाई संपली, की शिळा घासायला घेत. दोन शिळा तोंडाला तोंड लावून, मध्ये वाळू आणि पाणी घालून गोल गोल फिरवायच्या. जुनं चित्र झिजून जायचं, दगड पुन्हा कोरा व्हायचा. असा दगड महाग, तो दुसऱ्या कामाला लागणारच. म्हणजे ज्या थरांतून चित्र उभं राहिलं, ते थर चित्र बाजारात जाईपर्यंत अनेकदा उरलेलेच नसायचे.

चित्रांचे थर कॉम्प्युटरने आणले, असं आज अनेकांना वाटतं. थर फार जुने आहेत. नवी आहे ती ते जपण्याची सोय, आणि ती कलाकाराच्या हाती फार उशिरा आली. दगड महाग, मग सेल्युलॉइड महाग, मग मेमरी महाग. प्रत्येक काळात चित्र कसं घडलं याचा पुरावा खर्चापायी पुसला गेला. चित्रकलेच्या इतिहासातलं हे नुकसान फारसं मोजलं गेलेलं नाही, कारण पुसलेल्या गोष्टीची यादी कोण करणार?

अपवाद होते. बॉस्टनमध्ये लुई प्रँग हा मुद्रक रंगीत शिळाछापाचा मोठा धंदा चालवत होता. त्याच्या कारखान्यात काही चित्रांची क्रमवार प्रुफं काढून ठेवत. पहिल्या पानावर फक्त पिवळा. दुसऱ्यावर थोडा लाल, शेवटची शिळा अजून किती दूर आहे हे जाणवावं इतकाच. मग करडा, मग तपकिरी, आणि शेवटी पूर्ण चित्र. 1897 साली आशियाई चिनी मातीच्या भांड्यांवर जो भव्य ग्रंथ निघाला, त्यातली 116 रंगीत चित्रं प्रँगने छापली. दगड पुसले गेले, तरी प्रुफं चाळणाऱ्याला कारागिराचा निर्णय दिसतो: सावली आधी टाकली की उजेड, निळ्याखाली पिवळा होता की नाही.

दादासाहेब फाळके याच परंपरेतून आले, ही गोष्ट मराठी वाचकाने लक्षात ठेवावी अशी आहे. सिनेमाकडे वळण्यापूर्वी ते छपाईच्या धंद्यात होते. रविवर्म्यांच्या छापखान्यासाठी त्यांनी काम केलं, स्वतःचा छापखाना काढला आणि 1909 साली तिरंगी छपाईचं तंत्र पाहायला ते जर्मनीला गेले. रंग सुटे करणं आणि पुन्हा एकावर एक बसवणं त्यांच्या हाडीमासी मुरलेलं होतं. ‘लंकादहन’ आणि ‘कालिया मर्दन’ या चित्रपटांतले चमत्कार याच विचारातून घडले. कॅमेऱ्याची अर्धी चौकट झाकायची, चित्रण करायचं, फिल्म मागे गुंडाळायची, दुसरी अर्धी झाकून पुन्हा चित्रण करायचं. थर दोन, पण दोन्ही एकाच निगेटिव्हवर कायमचे मुरलेले. बालकृष्णाची भूमिका करणारी त्यांची मुलगी मंदाकिनी दुसऱ्या वेळी चुकीच्या जागी उभी राहिली असती, तर पहिला थरही वाया गेला असता. वेगळा ठेवलेला भाग परत घेऊन तेवढाच दुरुस्त करणं शक्यच नव्हतं.

ॲनिमेशनवाल्यांनी ही अडचण अर्धी सोडवली. अमेरिकेत अर्ल हर्ड यांच्या पेटंटमुळे 1910च्या दशकात पारदर्शक सेल्युलॉइडचा वापर रुळला. पार्श्वभूमी एकदाच रंगवायची, हलणारं पात्र वरच्या पारदर्शक तुकड्यावर, म्हणजे ‘सेल’वर, काढायचं. डिस्नेच्या स्टुडिओने 1937 साली ‘द ओल्ड मिल’ या लघुपटात मल्टिप्लेन कॅमेरा वापरला. काचेच्या पातळ्या एकीखाली एक अंतर ठेवून लावायच्या आणि कॅमेरा त्यांच्यातून खाली जातोय असा भास निर्माण करायचा. आज बहुतेक चित्र-सॉफ्टवेअरमध्ये उजवीकडे थरांची जी उभी रांग दिसते, ती या यंत्रात लोखंड आणि काच या रूपात उभी होती. पण याच स्टुडिओत सुरुवातीच्या काळात वापरलेले सेल धुऊन पुन्हा कामाला लावत. 1938पासून कूर्वाझिए नावाच्या गॅलरीने हे सेल विकायला सुरुवात केली, तेव्हा कुठे त्यांना स्वतंत्र किंमत आली.

थराचं गणित कॉम्प्युटरवर मांडलं गेलं ते न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर, 1977 साली. न्यूयॉर्क इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीचे संस्थापक अलेक्झांडर शुर यांना कॉम्प्युटरवर ॲनिमेशनपट करायचा होता आणि त्यासाठी ते पैसा सैल हाताने खर्च करत होते. पडद्यावरचं चित्र धरून ठेवणाऱ्या मेमरीला फ्रेमबफर म्हणतात. 512 बाय 512 ठिपक्यांचा, म्हणजे पाव मेगाबाइटचा, पहिला फ्रेमबफर त्यांनी 80,000 डॉलरला घेतला आणि पुढे आणखी पाच घेतले. एड कॅटमल आणि अल्वी रे स्मिथ तिथं काम करत होते. कॅटमल त्रिमिती वस्तूंची चित्रं तयार करायचे. तीच वस्तू वेगळ्या पार्श्वभूमीवर हवी असेल, तर सगळी आकडेमोड नव्याने करावी लागायची आणि त्यात वेळ जायचा. मग दोघांनी ठरवलं, की प्रत्येक ठिपक्याचे लाल, हिरवा आणि निळा हे तीन आकडे साठवताना चौथाही साठवायचा: हा ठिपका किती झाकतो आणि किती पार दिसू देतो. या चौथ्या आकड्याला त्यांनी ‘अल्फा’ म्हटलं.

गोष्ट लहान दिसते. तिने केलेला बदल मोठा होता. आता वस्तू पार्श्वभूमीपासून सुटी साठवता येत होती आणि तिच्या कडा केसाइतक्या बारीक असल्या तरी कुठल्याही चित्रावर नीट बसत होत्या. चौथ्या आकड्याला जागा मिळाली, कारण त्या प्रयोगशाळेत एकाऐवजी सहा फ्रेमबफर होते. 1984 साली लुकासफिल्ममधले थॉमस पोर्टर आणि टॉम डफ यांनी एक चित्र दुसऱ्यावर, आत किंवा बाहेर कसं बसवायचं याचे नियम एका निबंधात मांडले. आजची बहुतेक सगळी चित्र-सॉफ्टवेअर त्या नियमांवर चालतात. 1996 साली या चौघांना ऑस्कर देणाऱ्या अकादमीने तांत्रिक पुरस्कार दिला.

घरच्या कॉम्प्युटरवर मात्र अजून सगळं सपाट होतं. 1984च्या जानेवारीत मॅकिंटॉशबरोबर बिल ॲटकिन्सन यांचा ‘मॅकपेंट’ आला. तो चित्राच्या दोन प्रती मेमरीत ठेवायचा, एक आत्ताची आणि एक शेवटच्या कृतीआधीची. ‘अनडू’ केलं की आधीची प्रत परत यायची. मागे जायचं ते एकच पाऊल. चित्रकाराला या एका पावलाचंही केवढं अप्रूप होतं, हे कागदावर शाईचा डाग पडल्यानंतरची हळहळ ज्याने अनुभवली आहे त्याला कळेल.

1990च्या फेब्रुवारीत थॉमस आणि जॉन नोल या भावांचा ‘फोटोशॉप’ बाजारात आला, तोही याच शिस्तीचा. एका छायाचित्रावर दुसरं आणून पेस्ट केलं की ते तात्पुरतं वर तरंगायचं. सरकवा, फिरवा, लहान करा. पण बाहेर कुठंही क्लिक केलं, की ते खालच्या चित्रात मुरायचं आणि त्याखालचे ठिपके कायमचे जायचे. म्हणून त्या काळचे कलाकार निवडीचा आकार आधी चॅनेलमध्ये साठवून ठेवत आणि प्रत्येक टप्प्यावर फाइल नव्या नावाने सेव्ह करत. 1994च्या तिसऱ्या आवृत्तीत लेअर आले. प्रत्येक तुकडा वेगळ्या थरावर राहू लागला आणि मुख्य म्हणजे फाइल बंद केल्यावरही वेगळाच राहू लागला. 1996 साली ॲडजस्टमेंट लेअर आला आणि मूळ ठिपक्यांना हात न लावता वरून रंग बदलता येऊ लागला. 1998 साली पाचव्या आवृत्तीत हिस्टरीची यादी आली. केलेल्या कृती एकाखाली एक, आणि त्यातल्या कुठल्याही पायरीवर परत जायची मुभा.

या दोन सोयींमधला फरक महत्त्वाचा आहे आणि अजूनही अनेक जण तो विसरतात. लेअर फाइलमध्ये राहतात. हिस्टरी राहत नाही. फाइल बंद केली, की पायऱ्यांची ती यादी नाहीशी होते. चित्र कुठल्या भागांनी बनलं ते कळतं. ते कुठल्या क्रमाने बनलं, मध्ये काय काढलं आणि काय पुसलं, ते कळत नाही.

शिवाय खर्चाचं गणित होतंच. ए-4 आकाराचं, 300 डीपीआयचं, एकाच थराचं रंगीत चित्र दाबून लहान न करता साठवलं तर सुमारे 26 मेगाबाइट होतं. 1990च्या दशकातल्या 1.44 मेगाबाइटच्या फ्लॉपीत ते ठेवायचं म्हटलं तर फ्लॉपींची चळत लागली असती. थर वाढले की आकडा आणखी चढणार. म्हणून काम झालं की फ्लॅटन करायचं, म्हणजे सगळे थर एकात मिसळायचे, एकच प्रत ठेवायची आणि डिस्क पुढच्या कामासाठी रिकामी करायची. मळवलीच्या कारागिरासमोरही हाच प्रश्न होता.

महाराष्ट्रात ही गोष्ट डीटीपीच्या टेबलावर आली. पुण्या-मुंबईच्या आणि तालुक्याच्या गावांतल्या सेंटरांमध्ये कोरलड्रॉ, पेजमेकर आणि फोटोशॉप यांवर लग्नपत्रिका, दिवाळी अंकांची मुखपृष्ठं, निवडणुकीची पत्रकं आणि पुढे फ्लेक्स तयार होऊ लागले. इथं थर शाबूत असलेल्या फाइलला ‘ओपन फाइल’ म्हणतात. गिऱ्हाईक पैसे देऊन जेपीजी घेऊन जातं आणि पुढच्या वर्षी फक्त तारीख बदलायची म्हणून ओपन फाइल मागतं, आणि तिचे पैसे वेगळे का, यावरून घासाघीस होते. ही घासाघीस बारकाईने ऐकावी. थरांना किंमत आहे हे दोन्ही पक्षांना कळलेलं असतं, ती कोणाची मालमत्ता एवढाच वाद असतो.

ओपन फाइल ठेवली तरी प्रश्न सुटत नसे. युनिकोड रुळण्याआधीचं मराठी टायपिंग श्री-लिपीसारख्या संचांतल्या खास फॉन्टवर चालायचं. त्यात देवनागरी अक्षरं इंग्रजी अक्षरांच्या आणि चिन्हांच्या जागी बसवलेली असायची. आज त्या काळची फाइल तो फॉन्ट नसलेल्या मशीनवर उघडली, तर थर तसाच असतो, चौकट तशीच असते, पण मुखपृष्ठावरच्या मथळ्याच्या जागी उच्चारताही न येणारी चिन्हं दिसतात. हा घोटाळा टाळायला प्रेसवाले ‘कर्व्ह करून पाठवा’ असं सांगत. कर्व्ह केलं की अक्षरांचे आकार पक्के होतात, फॉन्ट लागत नाही. पण मग ती अक्षरं राहत नाहीत, नुसत्या आकृत्या उरतात. चुकलेली वेलांटी सुधारायची तर शब्द नव्याने टाइप करावा लागतो. मराठी मुद्रणाची एक अख्खी पिढी या दोन टोकांमध्ये अडकलेली आहे. दिवाळी अंकांच्या कचेऱ्यांत पडून असलेल्या त्या सीडींमधून दोन्ही रूपं काढून घ्यायला हवीत: फॉन्टसकट मूळ फाइलही आणि दिसेल तसं पक्कं चित्रही. हे काम सीडी वाचता येताहेत तोवरच होण्यासारखं आहे.

अशी सुटका किती अवघड असते, याचं सर्वांत ठळक उदाहरण अँडी वॉरहॉलचं. 1985च्या जुलैत न्यूयॉर्कच्या लिंकन सेंटरमध्ये कमोडोर कंपनीने ‘अमिगा’ कॉम्प्युटर जगापुढे आणला, तेव्हा वॉरहॉलने मंचावर बसून गायिका डेबी हॅरीचं चित्र त्यावर रंगवून दाखवलं. पुढे त्याच्याकडे आलेल्या यंत्रांवर त्याने आणखी प्रयोग केले. 1987 साली तो गेला. त्याच्या फ्लॉपी पिट्सबर्गच्या वॉरहॉल संग्रहालयात जपून ठेवल्या होत्या, पण त्यांत काय आहे ते पाहता येत नव्हतं. कोरी आर्केंजल या कलाकाराने लिंकन सेंटरमधल्या त्या जुन्या समारंभाची चित्रफीत पाहून संग्रहालयाकडे चौकशी केली आणि कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या कॉम्प्युटर क्लबची मंडळी मदतीला आली. नेहमीच्या पद्धतीने फ्लॉपी वाचायला जाणं धोक्याचं होतं, म्हणून आधी चकतीवरच्या चुंबकीय खुणांचीच नक्कल केली. मग दुसरी अडचण निघाली. चित्रं बाजारात न आलेल्या सुरुवातीच्या सॉफ्टवेअरमध्ये साठवलेली होती आणि तो फॉरमॅट कुठल्याच प्रोग्रामला ओळखता येईना. तो उलगडण्याचा मार्ग या मुलांना स्वतःच शोधावा लागला. 2014च्या एप्रिलमध्ये 28 चित्रं सापडल्याचं जाहीर झालं.

त्यात कॅम्पबेल सूपचा डबा आहे. बोत्तिचेल्लीच्या व्हीनसच्या कपाळावर तिसरा डोळा डकवलेलं एक चित्रही आहे. तो डोळा वॉरहॉलने पहिल्याच झटक्यात ठेवला की चार जागा पालटून पाहिल्या? माउसने गिरवलेल्या वेड्यावाकड्या रेषा आधीच्या की नंतरच्या? फाइल सपाट आहे. ठिपके वाचले, हाताच्या हालचाली वाचल्या नाहीत. ज्याने आयुष्यभर छापाच्या पुनरावृत्तीवर काम केलं, तो नव्या यंत्राशी कसा झुंजला हे पाहायला मिळालं असतं, तर कलेच्या अभ्यासकांना ते त्या चित्रांहूनही मोलाचं वाटलं असतं.

तशी नोंद दुसऱ्या एका कलाकाराच्या, डेव्हिड हॉक्नीच्या, वाट्याला आली. त्याच्या कितीतरी आधी, पिकासो रंगवत असताना आँरी-जॉर्ज क्लूझोने 1956च्या चित्रपटात ती प्रक्रिया टिपली होती, पण त्यासाठी आख्खं चित्रपट-पथक लागलं होतं. हॉक्नी आयफोनवर आणि 2010पासून आयपॅडवर ‘ब्रशेस’ या ॲपमध्ये चित्रं काढू लागला, तेव्हा हे काम ॲपच करत होतं. ते प्रत्येक फटकारा क्रमाने लक्षात ठेवायचं आणि नंतर चित्र पहिल्यापासून पुन्हा घडताना दाखवायचं. त्याच वर्षी पॅरिसच्या प्रदर्शनात हॉक्नीने फुलांची चित्रं पडद्यावर अशी घडताना दाखवली. आपण चित्र काढतो कसे हे आपण त्याआधी कधी पाहिलंच नव्हतं, असं त्याने सांगितलं होतं. तेव्हा त्याने सत्तरी ओलांडली होती. आज प्रोक्रिएटसारख्या ॲपमध्ये ही चित्रफीत आपोआप तयार होते.

थर कुठल्या कंपनीच्या फॉरमॅटमध्ये अडकून पडले आहेत, हा प्रश्न वॉरहॉलच्या फ्लॉपीनंतरही उरतो. मुक्त सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांनी 2006 साली ओपनरास्टर नावाचा फॉरमॅट याच विचाराने सुरू केला. क्रिता, मायपेंट आणि गिंप तो वापरू शकतात. ही फाइल म्हणजे साधी झिप असते. ती उघडली की आत प्रत्येक थराचं वेगळं पीएनजी चित्र दिसतं, कुठला थर कशावर आहे हे सांगणारा साधा मजकूर असतो आणि सगळे थर एकत्र केलेलं पक्कं चित्रही असतं. उद्या यातलं एकही सॉफ्टवेअर उरलं नाही तरी पीएनजी उघडता आलं की पुरे. पायऱ्यांचा क्रम मात्र यातही नसतो. तो वेगळा नोंदवावा लागतो.

त्या क्रमाला आता कायद्याच्या दरबारातही वजन आलं आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेने बनवलेल्या चित्रात माणसाचा हात किती, हे ठरवल्याशिवाय अमेरिकेचं कॉपीराइट कार्यालय नोंदणी देत नाही. ‘अ सिंगल पीस ऑफ अमेरिकन चीज’ या चित्राचा अर्ज आधी फेटाळला गेला. मग अर्जदारांनी चित्र कसं घडलं याची चित्रफीत सादर केली: यंत्राने दिलेल्या पहिल्या चित्रातला एकेक भाग निवडून, तो पुन्हा करून घेऊन, सुमारे 35 टप्प्यांत ते कसं बदलत गेलं. भाग निवडण्यात आणि मांडण्यात माणसाचं काम आहे, असं कार्यालयाने मान्य केलं आणि 2025च्या जानेवारीत तेवढ्यापुरती नोंदणी दिली.